रॉम बदललेल्या फोनची बॅटरी टिकत नसेल तर आधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तपकीर गल्लीतल्या आमच्या दुकानात येणारे बरेच जण फोन काउंटरवर ठेवता ठेवताच निदान सांगून मोकळे होतात, "बॅटरी गेलीय, बदलून द्या." बॅटरी आम्ही आनंदाने बदलू. पण फोन रूट केलेला (सिस्टीमचा पूर्ण ताबा घेतलेला) असेल, त्यात कस्टम रॉम (कंपनीच्या ऐवजी दुसऱ्यांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टीम) असेल आणि प्रोसेसरही ओव्हरक्लॉक केलेला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेला) असेल, तर नवी बॅटरीसुद्धा तशीच उतरण्याची शक्यता असते. म्हणून आधी दोन रात्री थांबा.

रात्रीची चाचणी

झोपताना किती टक्के आहेत ते लिहून ठेवा. फोन फ्लाइट मोडवर टाका. चार्जरला लावू नका, कारण चार्जिंगला लावलेला फोन नीट झोपतच नाही. सकाळी दोन-चार टक्केच कमी झाले असतील तर बॅटरी बहुधा ठणठणीत आहे. दुसऱ्या रात्री नेटवर्क चालू ठेवून हेच करा. आता पंधरा-वीस टक्के उतरले, तर दोष सिंक होत राहणाऱ्या ॲपचा किंवा रेंजचा. जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत रेंजची एकच काडी येत असेल तर फोन रात्रभर टॉवरशी झटापट करत बसतो, त्याला रॉम तरी काय करणार!

फ्लाइट मोडवरही बॅटरी भसाभस उतरली, तर प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये 'डीप स्लीप'चा, म्हणजे प्रोसेसर पूर्ण झोपलेला असण्याचा, वेळ बघा. रात्रभर टेबलावर पडलेल्या फोनचा आकडा शून्याच्या आसपास असेल तर एखादा वेकलॉक, म्हणजे 'झोपू नको' असा सिस्टीममधला आदेश, त्याला जागा ठेवतोय. तो ॲपचा आहे की कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा), ते आम्ही शोधून देतो. डीप स्लीप भरपूर दिसूनही टक्के गेले असतील, तेव्हा मात्र बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही.

रॉम कालच टाकला असेल तर ही चाचणी दोन-तीन दिवसांनी करा. सुरुवातीला ॲप, फोटो, सिंक यांची कामं मागे चालूच असतात. आणि रिकव्हरीतून (रॉम टाकायच्या वेगळ्या मेनूतून) 'बॅटरीस्टॅट्स' पुसल्याने काही सुधारत नाही. त्या फाइलमध्ये कोणी किती वीज खाल्ली याचा फक्त हिशेब असतो.

ओव्हरक्लॉक महाग का पडतं

प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग 10 टक्के वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेजही 10 टक्के चढवलं, तर हिशेब 1.1 × 1.1 × 1.1, म्हणजे वीज सुमारे 33 टक्के जास्त. शिवाय ती उष्णता बनून बाहेर पडते. फोन तापला की थर्मल थ्रॉटलिंग, म्हणजे फोनमधली तापण्यापासून वाचवणारी सोय, वेग आपोआप खाली आणतं. म्हणजे वीज गेली ती गेलीच, गेम मात्र दहा मिनिटांनी पुन्हा अडखळायला लागतो. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात तर आणखी लवकर.

तरीही करायचंच असेल तर वेग एकेक पायरीने वाढवा आणि 'बूट होताना लागू करा' या पर्यायावर टिक करू नका. फोन अडकला तर रिस्टार्ट केल्यावर जुना वेग परत येतो. टिक केलेली असली की तोच वेग पुन्हा लागू होतो आणि फोन लोगोवरच फिरत राहतो. मित्राच्या त्याच मॉडेलला जमलेला वेग तुमच्या फोनला जमेलच असं नाही, प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते. गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग कधी किती ठेवायचा ते ठरवणारी सेटिंग) सतत पूर्ण वेग ठेवणाऱ्या 'परफॉर्मन्स'वर असेल तर तो कामानुसार वेग कमी-जास्त करणाऱ्या 'शेडयुटिल' किंवा 'इंटरॅक्टिव्ह'वर आणा. अनेकांचं दुखणं एवढ्यानेच थांबतं.

थर्मल थ्रॉटलिंग बंद करून द्या, अशी विनंती कृपया करू नये. आम्ही करून देत नाही.

मागचं झाकण किंवा स्क्रीन उचललेली दिसली तर वरचं सगळं सोडा. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद करा, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, फोन तसाच घेऊन या.

येताना रॉम आणि कर्नलची आवृत्ती लिहून आणा, डेटाचा बॅकअप घरीच घ्या. बॅकअप नसेल तर फ्लॅशिंगचं (रॉम किंवा कर्नल टाकायचं) काम आम्ही हातात घेत नाही.