जुन्या मोटारसायकलच्या गिअरबॉक्सचे दोषनिदान (कोकण किनारा)

क्लच, गिअरबॉक्स आणि चेन यांपैकी बिघाड नेमका कुठे आहे, हे शक्यतो काहीही न उघडता ओळखण्याची पद्धत. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बुलेट, येझ्दी, राजदूत, आरएक्स १०० अशा गाड्या अजून फिरताना दिसतात. पावसाळा सरला की ‘गिअरबॉक्स गेला’ ही तक्रार घेऊन त्यांचे मालक गॅरेज गाठतात. पुष्कळदा दोष गिअरबॉक्सबाहेरच सापडतो, म्हणून तपासणी बाहेरून आत करावी.

खाऱ्या हवेने क्लच केबलची आतली तार गंजते, लिव्हर जड होते आणि क्लच पुरता सुटत नाही. मग थांबल्यावर न्यूट्रल लागत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो. पावसाळाभर पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या क्लचप्लेटा एकमेकींना चिकटतात, लक्षण तेच. जुन्या बुलेटवर याची सोपी परीक्षा आहे : इग्निशन बंद, क्लच दाबलेला, आणि किक मारायची. किक सहज खाली गेली तर प्लेटा सुटल्या आहेत; कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनचा दाब पायाला लागला तर चिकटल्या आहेत. उलट, क्लच न दाबताही इंजिन न फिरवता किक सरकली, तर क्लच घसरतो आहे. प्रायमरी किक (क्लच दाबला तरी इंजिन फिरवणारी किक) असलेल्या आरएक्स १०० वर ही परीक्षा चालत नाही.

क्लच घसरणे आणि गिअर सुटणे यांत नेहमी गल्लत होते. आंबोली किंवा कुंभार्लीच्या चढावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. गिअर सुटला तर गाडी एकदम मोकळी होते, आणि बहुधा ठरावीक एकाच गिअरमध्ये. तिथे गिअरचे डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे खुंट) झिजलेले किंवा सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकलेला असू शकतो. चार गिअरच्या बुलेटमध्ये मात्र आधी बाहेरच्या कव्हराआडची, गिअर बदलण्याची हालचाल अडवणारी स्टॉप प्लेट पाहावी. ती सरकली तरी मध्येच खोटा न्यूट्रल लागतो. येझ्दीत गिअरची दांडी दाबली की क्लचही आपोआप सुटतो. साहजिकच दांडीवर पाय टेकवून चालवणाऱ्याला क्लच घसरल्याचा अनुभव येतो आणि तो प्लेटांना दोष देतो.

आवाजावरूनही बरेच कळते. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. जुन्या बुलेटचा चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्यात लेशाफ्टवर (गिअरबॉक्सच्या दुसऱ्या, जोड दांड्यावर) भार येत नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरांतला आवाज चौथ्यात नाहीसा झाला, तर लेशाफ्टचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) बघावेत. झटके मात्र बहुधा चेनचेच. जांभ्याची लाल माती ग्रीसमध्ये मिसळून चेन घासते, पण सगळीकडे सारखी नाही. मागचे चाक हाताने सावकाश फिरवताना चेन एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल लागली, तर गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही.

कोकणातला खास दोष म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये शिरलेले पाणी. तापलेली गाडी भरलेल्या वहाळात घातली की आतली हवा गार होऊन आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) किंवा केबलच्या भोकातून पाणी ओढले जाते. ऑइल घोटलेल्या चहासारखे दुधाळ होते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल केला, तर न मिसळलेले पाणी आधी ठिबकते. निघालेल्या ऑइलात लोहचुंबक फिरवावा. करडा बारीक लेप नेहमीचा. टोकदार कपचे आले तर दात तुटले आहेत. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक बुश झिजल्याची खूण.

येझ्दी, राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल बाहेर न गळताच कमी होत असेल आणि सायलेन्सर दाट पांढरा धूर सोडत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) सील गेलेले असते. इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल ओढून जाळते. अशा वेळी दुरुस्ती सीलची. गिअर बहुधा ठणठणीत असतात, निदान कोरडे पडेपर्यंत तरी.