नागपूरच्या हवेत कोंबुचा: बरणी लावण्यापासून बाटली उघडेपर्यंत

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं फसफसतं पेय. त्यासाठी तुम्ही आमच्या दुकानातून नेलेल्या पिशवीत दोन वस्तू आहेत. एक फिकट, बुळबुळीत चकती, जिला सगळे स्कोबी म्हणतात, आणि तिच्याभोवतीचं ३०० मिली विरजण, म्हणजे आधीच्या बॅचचं आंबट पेय. लोक चकतीला जपतात आणि विरजण ओतून देतात. करायचं ते नेमकं उलट. चकती म्हणजे जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोजचं जाळं. ती फाटली, बुडाली, अर्धी झाली तरी काम अडत नाही, दर बॅचला वर नवी धरते. विरजण सांडलं असेल तर मात्र बरणी लावू नका, आधी दुकानात या. सुरुवातीचे दोन-तीन दिवस बुरशीला अडवण्याचं काम त्यातला आंबटपणाच करतो.

पिशवी फ्रीजमध्ये ठेवू नका, घरात सावलीला ठेवा. एप्रिल ते जून या दिवसांत ती गाडीच्या डिक्कीत टाकून बर्डीभर खरेदी करत फिरू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ती घरी पोचण्याआधीच मरते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण विचारणा नेहमी होते: बिअर किंवा वाइन घरी करण्याचं सामान आमच्याकडे मिळत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी दारू तयार करणं गुन्हा आहे. कोंबुचातही थोडं अल्कोहोल तयार होतं. वेळेत थांबवलेल्या पेयात ते साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतं, पण बंद बाटली उकाड्यात पडून राहिली तर एक टक्क्याच्या वर जाऊ शकतं. घरात कोणी दारू अजिबात वर्ज्य मानत असेल तर त्यांना हे सांगूनच ग्लास पुढे करा. वर्धा-गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतल्या पाहुण्यांना बाटल्या बांधून देण्याआधीही याचा विचार करा.

भांडं, पाणी, चहा, साखर

बरणी काचेची, रुंद तोंडाची, ३ लिटरची. तळाला तोटी असलेली घेणार असाल तर तोटी स्टेनलेस स्टीलची आहे हे चुंबकावर विसंबून न ठरवता दुकानदाराला स्पष्ट विचारा. मुलामा दिलेली पितळी तोटी महिनाभरात हिरवी पडते. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम चालत नाही. आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणीही नको, कारण जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि हे आम्ल ते ओढून घेतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा ते १० मिनिटं उघड्यावर उकळा. बाहेरच्या लेआउटमध्ये बोअरचं पाणी असेल तर चहाला काळपट साय येते आणि चवही बोथट होते. तिथे आरओचं पाणी घ्या. माठातलं पाणी न उकळता घालू नका.

चहा साधा, बिनमसाल्याचा. नेहमीची दाणेदार चहापत्ती चालते, मोठ्या पानांची असली तर चव जास्त मोकळी येते. वेलची, लवंग किंवा सुगंधी तेलाचा चहा नको, त्या तेलांनी जिवाणू मंदावतात. साखर साधी पांढरी. गुळाने पेय होतं, पण काळं आणि बेभरवशाचं. आधी साखरेवर हात बसू द्या. शुगरफ्रीच्या गोळ्यांवर काहीच होत नाही, कारण ती साखर पिणाऱ्याची नसून जिवाणूंची आहे. सात दिवसांनीही बरीच शिल्लक राहते, म्हणून मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

बरणी लावणं

२ लिटरसाठी: पाणी १.७ लिटर, दाणेदार चहा १० ग्रॅम, साखर १४० ग्रॅम, विरजण ३०० मिली. चमच्याच्या मापाने चहा सपाट पाच छोटे चमचे होतो, पण साखरेसाठी काटा वापरा. वाटीचं माप प्रत्येक घरात वेगळं असतं.

सगळं पाणी उकळून घ्या आणि त्यातलं १ लिटर झाकून गार करत ठेवा. उरलेल्या ७०० मिलीमध्ये चहा टाकून गॅस बंद करा, झाकून ६ मिनिटं थांबा, त्यापेक्षा जास्त नाही. गाळा, साखर विरघळवा, मग ते गार पाणी मिसळा. सगळा चहा मिळून ३० अंशांच्या खाली आला पाहिजे. मे महिन्यात नुसतं ठेवून तो तेवढा गार होतच नाही, कारण खोलीच तापलेली असते. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि त्या पाण्यात बर्फ टाका, चहात नाही. बोट घालून अंदाज घेऊ नका. थर्मामीटर नसेल तर पातेल्याच्या बाहेरून तळहात लावा, हाताला गार लागलं पाहिजे.

आता विरजण ओता, ढवळा, चकती सोडा. पट्टीवर पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा कमी तितकं जास्त आंबट), ४.५ किंवा त्याखाली दिसला पाहिजे. वर असेल तर आणखी विरजण घाला, नसेल तर दोन मोठे चमचे साधं पांढरं व्हिनेगर. पट्टी २.५ पासून ४.५ पर्यंतचं बारीक माप दाखवणारी घ्या. निळा-लाल लिटमस इथे उपयोगाचा नाही.

तोंडाला घट्ट विणीचं मलमल चार पदरी करून रबराने बांधा. झाकण लावू नका, जिवाणूंना हवा लागते. पनीर गाळायचं जाळीदार कापड मात्र नको. आंब्याच्या आणि संत्र्यांच्या दिवसांत स्वयंपाकघरात चिलटं असतातच, आणि त्या जाळीतून ती सहज आत जाऊन अंडी घालतात.

उन्हाळा

बाहेरची पुस्तकं आणि व्हिडिओ ‘७ ते १० दिवस’ सांगतात. ते २४ ते २९ अंशांचं गणित आहे. आपल्याकडे ते फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बरोबर बसतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ वर येतो, तेव्हा १२ ते १५ दिवस धरा आणि बरणी फ्रीजच्या वरच्या उबेत ठेवा. पावसाळ्यात ७-८ दिवस, पण रोज वरून नजर टाका, बुरशीचा मोसम तोच.

एप्रिल ते जून मात्र वेगळा हिशोब आहे. ३५ अंशांच्या वर चकती विणणारे, आंबटपणा आणणारे जिवाणू दमतात आणि साखरेपासून अल्कोहोल आणि वायू करणारं यीस्ट मात्र सुसाट सुटतं. चकती पातळ धरते, तळाला तपकिरी गाळ साचतो, वास नेलपॉलिशच्या दिशेने जातो. म्हणून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, नवीन बरणी लावूच नका, असा आमचा सल्ला आहे. लावायचीच असेल तर पहिल्या मजल्यावर नको, स्लॅबखालची खोली तर मुळीच नको. तळमजल्यावरची सर्वांत गार, अंधारी खोली शोधा.

बरणी परातीत ठेवा, परातीत दोन बोटं पाणी भरा आणि बरणीभोवती सुती पंचा असा गुंडाळा की त्याचं खालचं टोक पाण्यात राहील. पंचा पाणी ओढत राहतो, कोरड्या हवेत ते उडतं आणि बरणी खोलीपेक्षा काही अंश गार राहते. पंचा मलमलीच्या रबरापासून चार बोटं खालीच संपला पाहिजे. मलमल ओली झाली की हवा कोंडते आणि बुरशी धरते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ही युक्ती काम करत नाही, हवेतच ओल असते.

कूलर खोलीत असलेला चांगला, पण त्याच्या झोतात बरणी ठेवू नका. जुन्या गवताच्या ताट्यांमधून येणाऱ्या दमट हवेत बुरशीचे कण भरपूर असतात.

इतकं करून उन्हाळ्यात चौथ्या दिवशीपासून चव बघा. स्वच्छ स्ट्रॉ चकतीच्या कडेने आत सरकवा. गोड-आंबट बरोबरीला आलं आणि पीएच ३.० ते ३.२ दिसला की झालं. २.५ च्या खाली गेलं असेल तर पिऊ नका. पुढच्या बॅचचं विरजण म्हणून वापरा.

पुढच्या बॅचसाठी ३०० मिली आता काढून ठेवा आणि तेही वरच्या भागातून, ढवळण्याआधी. यीस्ट तळाला बसतं. दर वेळी तळातलं विरजण घेतलं तर काही बॅचनंतर पेय फसफसतं खूप, पण आंबट होत नाही.

बाटली: इथे घाई करू नका

फेस हवा असेल तर पेय बंद बाटलीत आणखी थोडं मुरवावं लागतं. घरात इजा होण्याची शक्यता असते ती फक्त याच टप्प्यावर, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की पेयाच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. बाजारातल्या कडक सोड्यात तो साडेतीन-चार पट असतो, म्हणजे १४-१६ ग्रॅम साखर पुरते. तुमच्या पेयात मात्र लिटरमागे त्याच्या कितीतरी पट साखर अजून शिल्लक आहे. साखर संपून वायू आपोआप थांबेल, असं कधीच होत नाही. त्याला थांबवते फक्त थंडी. म्हणून फळाचा रस कमी घातला म्हणजे आपण सुरक्षित, हा समज सोडा.

बाटल्या दोनच प्रकारच्या वापरा: कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या, किंवा दाबासाठीच बनवलेल्या जाड, गोल, तारेच्या झाकणाच्या काचेच्या. इतवारीत शोभेच्या चौकोनी तारवाल्या बाटल्या स्वस्त मिळतात. त्या तेलासाठी आहेत. चौकोनी काचेच्या कोपऱ्यांवर दाब एकवटतो आणि ती तिथूनच फुटते. जुन्या गोटी सोड्याच्या बाटल्या दाब सोसायच्या, पण आतलं रबर वाळलेलं असतं आणि त्या आतून नीट घासताही येत नाहीत. त्या शोकेसमध्येच छान.

भरण्याआधी बरणी हलकेच ढवळा, म्हणजे यीस्ट सगळ्या बाटल्यांत सारखं जाईल. नाहीतर पहिली बाटली सपक आणि शेवटची कारंजं. वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा. काचेच्या कितीही बाटल्या भरल्या तरी त्याच बॅचची एक प्लास्टिकची बाटली भराच. ती शेजारीच ठेवा आणि अधूनमधून दाबून बघा. अंगठा आत जाईनासा झाला की सगळ्याच्या सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. थंडीत याला तीन-चार दिवस लागतात, मे महिन्यात १२ तासांतही होतं. घड्याळ लावून झोपू नका. उन्हाळ्यात बाटल्या सकाळी भरा, म्हणजे दिवसभर नजर राहते. तोवर त्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकून ठेवा.

फ्रीजमध्ये किमान रात्रभर राहू द्या. गार पाण्यात वायू मुरतो. गरम बाटली उघडली तर तो सगळा पेय घेऊनच बाहेर येतो, छतापर्यंत. उन्हाळ्यात लाइट तीन-चार तास गेली तर फ्रीज उघडू नका, आणि लाइट आल्यावर प्लास्टिकची बाटली पुन्हा दाबून बघा. काचेची बाटली उघडताना तिच्यावर जाड टॉवेल टाका, तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नको.

संत्रं आणि इतर चवी

नागपुरात राहून संत्रं घालायचं नाही हे शक्य नाही, पण ते कडू होतं अशी तक्रार सगळ्यांचीच. कारण लिमोनिन. ते बियांत आणि फोडींच्या पांढऱ्या सालीत आधी बिनकडू रूपात असतं आणि रस आंबट पाण्यात राहिला की तासागणिक कडू होत जातं. म्हणून फोडी मिक्सरमध्ये घालू नका. आडवं कापून हाताने हलकं पिळा, बिया लगेच काढा, मलमलीतून गाळा. १ लिटर पेयाला ८० मिली रस आणि १० ग्रॅम किसलेलं आलं. इतक्या रसात साखर साधारण ८ ग्रॅम येते, फेसाला तेवढी भरपूर. ही बाटली चार-पाच दिवसांत संपवा. फेब्रुवारीनंतर येणारी मृगाची संत्री गोडीला जास्त असतात, तेव्हा ६० मिली पुरे.

लाल अंबाडीची वाळवलेली फुलं लिटरला ३ ग्रॅम: रंग सुरेख, कडूपणा नाही, आमची पहिली पसंती. कैरी घालायची तर उकडून गर गाळून. जांभूळ चांगलं लागतं, पण गर तोंडाशी चढून अडकतो. त्याचा फक्त रस.

काय बिघडलं ते ओळखणं

पृष्ठभागावर कोरडे, लोकरीसारखे, गोल ठिपके, पांढरे, हिरवे, निळे किंवा काळे: बुरशी. चकतीसकट सगळं टाका. वरचा भाग खरवडून उरलेलं वापरू नका, तिची विषारी द्रव्यं खालीही उतरलेली असतात. बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन उन्हात वाळवा. चकतीखाली लोंबणारे ओले तपकिरी धागे दिसले तर ते यीस्ट आहे, गाळून प्या. कुजक्या अंड्यासारखा वास बहुतेक वेळा उघड्यावर ठेवल्यावर जातो. फेस येत नसेल तर आधी बाटलीचं रबर तपासा, दहापैकी नऊ वेळा गळती तिथेच असते.

सुरुवातीला रोज १०० मिलीच्या वर जाऊ नका. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी झालेले किंवा यकृताचा आजार असलेले यांना देऊ नका. कोंबुचाने आजार बरे होतात असं आम्ही सांगत नाही, कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. घरच्यापुरतं करणं वेगळं. विकायला काढणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी.

सुट्टीत गावी जाताना चकती फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत जिवाणू निपचित पडतात आणि परत आल्यावर बुरशी आधी जागी होते. दोन चकत्या, त्या बुडतील इतकं जुनं आंबट पेय आणि वर एक कप गोड चहा, मलमल बांधून गार खोलीत. सहा आठवडे निभावतं. परतल्यावर त्यातलं ३०० मिली घेऊन नेहमीसारखी बरणी लावा. पहिल्या बॅचला बुरशी आली असेल तर बरणीचा वरून काढलेला फोटो आणि पीएचची पट्टी घेऊन महिन्याच्या आत या, चकती आणि विरजण बदलून देऊ.