'रोटरी कनेक्शन'ची रेकॉर्ड परत आणण्यापूर्वी

"मध्येच नुसती खरखर येते." "तुकडा सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो." "शेवटी आधीचीच गाणी पुन्हा ऐकू येतात, छपाईत घोळ आहे का?" 'रोटरी कनेक्शन' या अमेरिकन बँडच्या या रेकॉर्डसाठी आमच्या दुकानात येणारे फोन साधारण असेच असतात. घोळ नाही. ती तशीच केलेली आहे.

शिकागोची चेस ही रेकॉर्ड कंपनी ब्लूज संगीतासाठी प्रसिद्ध. मालकांच्या घरातल्या तरुण मार्शल चेसने कॅडेट कन्सेप्ट हे वेगळं लेबल, म्हणजे रेकॉर्डचं उपनाव, काढलं आणि १९६७ साली हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. संगीत संयोजक चार्ल्स स्टेपनीने सोल संगीताच्या गायकांमागे व्हायोलिनांचा ताफा उभा केला, 'लाइक अ रोलिंग स्टोन'सारखी गाजलेली गाणी ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आणि गाण्यांच्या मध्ये 'पिंक नॉइज', 'ब्लॅक नॉइज' असे चमत्कारिक तुकडे पेरले. नावं कव्हरवर छापलेली आहेत, तेवढी वाचलीत तरी आमचा एक फोन वाचेल. पुढे 'लव्हिंग यू' या गाण्यामुळे जगभर पोचलेली मिनी रिपर्टन इथे गाते. 'मेमरी बँड' हे गाणं तर आमच्या मते एकट्याने रेकॉर्डची किंमत वसूल करतं. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिप-हॉप गटाने त्यातला तुकडा १९९० साली आपल्या गाण्यात उचलला, तेव्हापासून तरुण गिऱ्हाईकही ही रेकॉर्ड मागतं.

खरा त्रास पुढे होतो. खरखर ऐकून काहीजण सुईवर वजन वाढवतात, हेडशेलवर (सुई बसवलेल्या दांडीच्या टोकावर) चक्क रुपयाचं नाणं ठेवतात. बऱ्याच कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या छोट्या डबीला) दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. हल्लीचं नाणं एकटंच तीन ग्रॅमहून जड. 'पिंक नॉइज' आहे तसाच राहतो, खोबणी मात्र झिजते आणि मग खरोखरच खरखर येते. ती कुठल्याही धुण्याने जात नाही.

आधी एवढं करा. एलपी, म्हणजे ही मोठी रेकॉर्ड, एका फेऱ्याला १.८ सेकंद घेते. टक्‌-टक्‌ बरोबर त्याच अंतराने येत असेल तर ओरखडा आहे, रेकॉर्ड घेऊन या. आवाज आपल्या मर्जीने येतजात असेल तर तो बहुधा स्टेपनीचा आहे. आणि निदान पहिल्यांदा तरी बाजू अखंड ऐका. छोटे तुकडे चुकवायला हाताने सुई उचलण्यात बरेच ओरखडे पडतात.

विकण्याआधी प्रत्येक रेकॉर्ड आम्ही धुतो आणि दोन्ही बाजू वाजवून पाहतो, म्हणून आमचा भाव रस्त्यावरच्या ढिगापेक्षा जास्त असतो. ओरखडा निघाला तर बदलून देऊ. "गाणी विचित्र आहेत" म्हणून परत घेत नाही, आणि नाण्याखाली वाजलेली तर मुळीच नाही. भिंगाखाली करडी पडलेली खोबणी लगेच दिसते.

सुई जुनी असल्याची शंका असेल तर तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत. नवी हवी असल्यास नेहमीच्या कार्ट्रिजच्या सुया दुकानात असतात. येताना फक्त हेडशेल काढून आणा, अख्खा प्लेअर रिक्षातून आणू नका.