बाळ एकदम गप्प झालं तर

मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की अंग तापतं, हुडहुडी भरते, तो कण्हतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ बऱ्याचदा यातलं काहीच करत नाही. ते गप्प होतं. वर घरात त्याचं कौतुक होतं, काय गुणी लेकरू, रात्रभर उठलं नाही!

आमची मुलगी तीन आठवड्यांची होती, मी जावळी तालुक्यात माहेरी होते. पौषातली थंडी. माझी छाती दाटून दगड झालेली आणि ही दोनदा ओढायची की मान टाकून झोपायची. तळपायाला टिचकी मारली की डोळे किलकिले करायची, पुन्हा तेच. आई म्हणाली, "थंडीनं पेंगतंय पोर," आणि मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. नेमकी त्याच दिवशी आशाताईंची एकविसाव्या दिवसाची फेरी होती. काखेत थर्मामीटर धरला तर ३५.२ अंश सेल्सिअस. ताप नाही म्हणून आईला हायसं वाटलं. आशाताई म्हणाल्या, "काकू, ताप असता तरी दवाखान्यातच न्यायचं होतं, पण ही गार पडलीय. पाय बघा."

काखेतलं तापमान ३७.५ किंवा त्याहून जास्त असणं जितकं धोक्याचं, तितकंच ते ३५.५ च्या खाली जाणंही. अंगाची ऊब टिकवायला बाळाला सतत इंधन जाळावं लागतं. संसर्गात ते इंधन दुसरीकडे खर्च होतं, दूध पोटात जात नाही, आणि शरीर थंड पडतं.

मग त्यांनी दुपटं सोडून श्वास मोजले, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलेलं इथे चालत नाही, कारण तान्ही बाळं भराभर श्वास घेतात, मध्येच पाच-दहा सेकंद थांबतात, पुन्हा सुरू करतात. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो श्वास वेगाचा. हिचे दोन्ही वेळा साठीच्या वर होते.

एवढ्या लहान वयात जंतूंना इतकं का फावतं? आईकडून वारेतून बाळाला मिळतात ती आयजीजी जातीची प्रतिपिंडं (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं), तीही बरीचशी शेवटच्या काही आठवड्यांत. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी तोकडी. ई. कोलाय, क्लेबसिएला अशा जंतूंशी लढायला आयजीएम ही दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं फार उपयोगी, पण ती वार ओलांडतच नाहीत. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा राखीव साठाही लहान, लवकर संपतो. त्यामुळे फुप्फुसातला किंवा नाळेचा संसर्ग रक्तात उतरायला वेळ लागत नाही. कधी तो मेंदूच्या आवरणापर्यंतही जातो.

मेढ्याहून साताऱ्यापर्यंत रुग्णवाहिकेत मी तिला उघड्या छातीशी, वरून शाल घेऊन धरलं होतं. ही नुसती माया नव्हे, गार पडलेल्या बाळाला वाटेत ऊब देण्याची ती शास्त्रशुद्ध रीत आहे. (सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. खिशात पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये.)

तिथे रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही प्रतिजैविकं सुरू केली. नातेवाईकांना हे खटकतं, "निदान नाही आणि इंजेक्शनं कसली?" पण कल्चर म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखणं. त्याला दोन दिवस तरी जातात, आणि तेवढा वेळ बाळाजवळ नसतो. शिवाय एवढ्याशा जीवाचं रक्त मिळतं जेमतेम एक मिलिलिटर, त्यामुळे कल्चर कोरं आलं तरी संसर्ग नव्हताच असं छातीठोक सांगता येत नाही. सर्वांत जास्त घाबरवतं ते पाठीतलं पाणी काढणं. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. मेंदूज्वर आहे का हे त्या पाण्यावरून कळतं, आणि असला तर औषधं आठवडा-दहा दिवसांऐवजी दोन-तीन आठवडे द्यावी लागतात.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र प्रयोगशाळेबाहेरची वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजाताची लक्षणं ओळखायला आणि जेंटामायसिन टोचायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पुढे त्यांनी जी लक्षणं निवडली त्यांत ओढणं कमी होणं, रडणं क्षीण होणं, हातपाय ढिले पडणं होतं, आणि 'बाळ गार लागतंय' हे आईचं म्हणणंही होतं. आज आशाताईंच्या घरभेटी त्याच कामातून उभ्या राहिल्या आहेत. आईच्या बोलण्याला पुरावा मानणारं असं संशोधन आपल्याकडे अजून हवं.

घरी सोडताना कागदावर कानांच्या तपासणीची तारीख दिली होती. जेंटामायसिनने क्वचित, आणि मेंदूज्वराने त्याहून जास्त वेळा, ऐकण्याला इजा होते. बाळ हसतं-खेळतं दिसलं तरी ती तपासणी करून घ्यायची. नाहीतर कमी ऐकू येतंय हे कळतं ते मूल बोलायला लागत नाही तेव्हा.