गोल पानांचं रान आणि त्याखालची जमीन

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर मिशन बीच नावाचं गाव आहे. त्याच्या पाठीमागच्या वर्षावनात मान वर केली की आभाळाच्या जागी हिरव्या चकत्या दिसतात, एकीवर एक टेकलेल्या. हा लिकुआला रामसायी, तिथला पंखापाम. पान जवळजवळ गोल, मोठं झालं की दोन मीटरपर्यंत रुंद, देठापासून चहूकडे पाचरीसारख्या पट्ट्या फुटलेल्या आणि टोकं कातरीने कापल्यासारखी. नवं पान मिटलेल्या विंझण्यासारखं घड्या घालूनच वर येतं. आपल्याकडच्या ताडाचं पानही पंख्याचंच, पण ताड उघड्या रानात उभा राहतो. हा मात्र सावलीत रुजतो, दलदलीत पाय ठेवून अतिशय सावकाश वाढतो.

या वर्षावनाचा वारसा गोंडवनापर्यंत, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दक्षिणेकडच्या महाखंडापर्यंत मागे जातो, त्यामुळे हा पामही तेव्हाचाच असावा असं सहज वाटतं. तसं नाही. लिकुआला हे कुळ आशियाकडचं आहे. ईशान्य भारतापासून पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू बेटांपर्यंत त्याच्या दीडशेहून अधिक जाती आहेत आणि ऑस्ट्रेलियात पोचलेली ही एकच. (आपल्या नर्सऱ्यांत कुंडीत मिळणारा गोल पानांचा पाम बहुधा वानुआतूकडची लिकुआला ग्रँडिस असते.) १८७४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्यूलर यांनी या झाडाला पक्षी-अभ्यासक एडवर्ड रॅमसे यांचं नाव दिलं, पण ते लिव्हिस्टोना या दुसऱ्या पामांच्या कुळात घालून. १९१५ मध्ये चेक वनस्पतिशास्त्रज्ञ कारेल डोमिन यांनी ते लिकुआलात आणलं.

नावापेक्षा जमिनीची गोष्ट मोठी आहे. हा पाम मागतो ती सखल, सपाट, ओली जमीन. नेमकी तीच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वसाहतवाल्यांना हवी होती, आधी उसासाठी, पुढे केळीसाठी. डोंगरउतारावरचं जंगल पुष्कळ वाचलं, पायथ्याचं तुटत गेलं. आज पंखापामची दाट बनं तुकड्यातुकड्यांनी उरली आहेत, त्यामागे हे साधं कारण आहे.

आणि ती जमीन रिकामी नव्हती. मिशन बीचचा परिसर जिरू या आदिवासी लोकांचा. १९१४ मध्ये सरकारने तिथे हल नदीची वसाहत उभारून आदिवासींना तिच्यात आणून ठेवलं. गावाच्या नावातलं ‘मिशन’ ते हेच, पण ते कुठल्या चर्चचं नव्हतं. १० मार्च १९१८ च्या चक्रीवादळात वसाहत उद्ध्वस्त झाली आणि वाचलेल्यांना पाम आयलंड बेटावर नेण्यात आलं. हे माहीत नसताना त्या बनातून फिरणं मला अपुरं वाटतं.

उत्तरेला डेनट्री भागात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सखल वर्षावनाचे हजाराहून अधिक प्लॉट पाडून विकले गेले. १९८३ मध्ये केप ट्रिब्युलेशनहून ब्लूमफील्डकडे रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा माणसं त्यांच्यासमोर उभी राहिली. रस्ता १९८४ मध्ये झालाच. पण त्या झगड्याने देशाचं लक्ष वेधलं आणि क्वीन्सलँड सरकारचा विरोध असूनही १९८८ मध्ये सुमारे नऊ लाख हेक्टरचा ‘वेट ट्रॉपिक्स’ प्रदेश जागतिक वारसा ठरला. सप्टेंबर २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी ईस्टर्न कुकू यालांजी लोकांना परत मिळाली.

वादळं मात्र येतच राहिली. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यरात्रीच्या सुमारास ‘यासी’ चक्रीवादळ मिशन बीचजवळच किनाऱ्यावर धडकलं आणि जंगलाचं छप्पर फाटलं. पामला वाढीचा कोंब एकच, शेंड्यावर. तो शाबूत असेल तर सगळी पानं गेली तरी झाड पुन्हा पालवतं, तो मोडला तर झाड संपलं. मग भिस्त बियांवर. माणसाएवढा उंच, न उडणारा कॅसोवरी पक्षी याची छोटी लाल फळं अख्खी गिळतो आणि बिया दूरवर विष्ठेतून टाकतो. पण एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना त्याला डांबरी रस्ता ओलांडावा लागतो, आणि तिथे गाड्यांखाली कॅसोवरी मरतात.