मासेमारी नौकांची निगा (मुंबई किनारा)

खाऱ्या पाण्यातून परतलेली मासेमारी नौका धुणे, बुडावर चढलेली जीववाढ खरवडणे, फळ्यांचे सांधे भरणे, तेल किंवा रंग देणे आणि पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवणे, या सर्व कामांचा निगेत समावेश होतो. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, खारदांडा, माहीम, वरळी, कुलाबा, ट्रॉम्बे अशा मुंबईच्या कोळीवाड्यांत यांतील काही कामे रोज, काही भरतीच्या चक्राप्रमाणे आणि काही वर्षातून एकदा होतात. रोजची धुणी म्हणजे मासळी उतरली की बर्फाचे खण, फळ्या व जाळी धुऊन काढणे. हा सर्वांच्या नित्य पाहण्यातला भाग असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही.

खारे व गोडे पाणी : समुद्राचे मीठ नौकेच्या प्रत्येक भागाला सारखेच घातक असते, ही समजूत बरोबर नाही. समुद्राच्या १ किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील क्लोराइडे लोखंडावर गंज धरू देतात, पण तो गंज आतल्या धातूचे रक्षण करीत नाही. पापुद्रे सुटत जातात आणि खिळा झिजतच राहतो. लाकडाची गोष्ट वेगळी आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल हवी असते, पण मीठ मानवत नाही. म्हणून जुने दर्यावर्दी लाकडी तक्तपोशी (नौकेवरील वरच्या फळ्या) समुद्राच्याच पाण्याने धूत. नौकेच्या कोपऱ्याकोपऱ्यांत साचून राहिलेले पावसाचे गोडे पाणी लाकडाला त्याहून कितीतरी अधिक अपाय करते. इंजिन, साखळ्या, कप्प्या, विजेच्या जोडण्या यांना मात्र गोड्या पाण्याचीच धुणी लागते. नंतर त्या कोरड्या करून ग्रीस लावतात. एकाच नौकेला दोन प्रकारचे पाणी दोन ठिकाणी हितकर असते, आणि निगेच्या बहुतेक रीती या एका भेदातून उलगडतात. बंदरातील पाणी सांडपाण्याने दूषित झाल्यापासून मासळीच्या खणापुरता हा जुना नियम चालत नाही. तेथे स्वच्छ गोडे पाणीच वापरले पाहिजे.

शब्दविचार : फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ व तेलाचा लेप देण्याच्या कामाला बंदरांच्या बोलीत ‘कलापत्ती’ हा एक जुना शब्द आहे. हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या कोशाने त्याची हिंदी व बंगाली रूपे नोंदवून ती पोर्तुगीज ‘कालाफाते’वरून आल्याचे म्हटले आहे. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांकडे होती, हे पाहता शब्दाचा हा प्रवास सहज पटतो. वाद आहे तो त्यामागच्या टप्प्याचा. एका मताप्रमाणे पोर्तुगीज, स्पॅनिश व इटालियन रूपे लॅटिन ‘कालेफाकेरे’ (तापवणे) या क्रियापदाची आहेत. भूमध्य समुद्रात नौका कलंडवून तिच्याखाली काट्याकुट्यांचा जाळ करीत आणि डांबर पातळ ठेवीत, याचा या मताला आधार दिला जातो. दुसरे मत ती अरबी ‘कलाफत’वरून आणते, आणि त्या शब्दाचा अर्थच फटी बुजवणे असा आहे. डांबर फासणे व फटी बुजवणे ही दोन निराळी कामे आहेत, हा कोशकारांचा मुद्दा वजनदार आहे. भूमध्य समुद्रातील इतर अनेक नाविक संज्ञाही अरबीतून आल्या असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बायझंटाइन सम्राट पाचवा मायकेल (राज्यकाल १०४१–४२) याला ‘कालाफातिस’ हे उपनाव पडले होते, कारण त्याच्या बापाचा धंदा हाच होता. शब्द त्याआधीपासून रूढ असला पाहिजे, हे त्यावरून ठरते. नाखवा (फार्सी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी) आणि खलाशी (अरबी) हे शब्द याच मार्गाने आले. तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) हा शब्द मात्र बहुधा द्राविडी भाषांकडून वर सरकला असावा.

जीववाढ व कीड : बुडावर प्रथम जीवाणूंचा व शैवलांचा बुळबुळीत थर धरतो. त्यावर बार्नेकल (एका जागी चिकटून राहणारा कवचधारी प्राणी), शिंपले व कालवे बसतात. बार्नेकलाचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असून तळाशी ते सिमेंटासारख्या स्रावाने घट्ट चिकटते. खरखरीत बुडाला पाणी अधिक अडवते आणि तेवढे डिझेल जास्त जळते.

बार्नेकल बाहेर दिसते तरी. लाकूड पोखरणारी कीड दिसतही नाही. तेरेडो व बँकिया या प्रजातींना नौकाकृमी म्हणतात, पण ते कृमी नव्हेत, शिंपल्यांच्या वर्गातील मृदुकाय प्राणी आहेत. हॉलंडमध्ये १७३१च्या सुमारास समुद्राच्या बांधांचे लाकूड या प्राण्याने पोखरल्यावर त्याचा अभ्यास झाला, आणि सेलियस याने १७३३मध्ये तो मृदुकाय असल्याचे दाखवून दिले. लिनीअसने १७५८मध्ये ‘तेरेडो नेवॅलिस’ हे नाव दिले. त्याचा डिंभ (अळीसारखे पिल्लू) टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि शरीर वाढेल तसा बोगदा लांबवत जातो. कवचाच्या दोन लहान झडपा कानशीसारख्या चालतात, आणि बोगद्याला आतून चुनखडीचा गिलावा होतो. लाकडातील सेल्युलोज पचवण्यास त्याच्या कल्ल्यांतील सहजीवी जीवाणू साहाय्य करतात. बाहेरून फळी निर्दोष दिसते. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तरच रोग कळतो. मार्टेसिया हा दुसरा पोखरणारा शिंपला आणि स्फेरोमा हा कवचधारी प्राणीही या किनाऱ्यावर आढळतात, पण त्यांची भोके उथळ असतात.

तेरेडोचे एक वैशिष्ट्य निगेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पाण्याबाहेर पडल्यावर किंवा पाण्याचा खारेपणा एकाएकी घटल्यावर तो शेपटीकडील दोन पट्टिकांनी भोक बंद करून घेतो आणि आतल्या ओलाव्यावर काही आठवडे तग धरतो. म्हणून एका ओहोटीपुरती सुकवलेली नौका किडीपासून मुक्त होत नाही. दोन महिने कोरड्यावर राहिलेल्या नौकेत ती टिकणे अवघड असते. पावसाळ्यात नौका वर ओढण्याची रीत किडीसाठीच पडली, असे कधी कधी म्हटले जाते. परंतु खवळलेला समुद्र हेच मूळ कारण आणि किडीचा नाश हा त्याबरोबर मिळालेला लाभ, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

लेप : मुशीच्या (शार्क माशाच्या) यकृताचे तेल लाकडात मुरवणे ही या किनाऱ्यावरील जुनी रीत होय. दक्षिणेकडे, काजूच्या मुलखात, टरफलाचे तेल वापरतात. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये कीड व बुरशी या दोहोंना नकोशी असतात. दोन्ही तेले काही महिन्यांत धुपून जातात आणि पुन्हा द्यावी लागतात. चुना व तेल यांच्या मिश्रणाचा जाड थर आणि डांबर हे लेपही प्रचारात होते. लाकूड सागाचे असेल तर काम सोपे होते. सागातील नैसर्गिक तेल किडीला पूर्ण रोखत नसले तरी तिचा वेग मंदावते, आणि ओक लाकडातील टॅनिनाप्रमाणे लोखंडी खिळे खात नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६मध्ये सुरतेहून मुंबईस आल्यानंतर येथे जी सागवानी जहाजे बांधली जाऊ लागली, त्यांचा टिकाऊपणा यामुळेच वाखाणला गेला. मुंबईत १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहता येते.

तांबे व जस्त : मोठ्या जहाजांच्या बुडास तांब्याचा पत्रा मढवण्याचा प्रयोग ब्रिटिश आरमाराने १७६१मध्ये ‘अलार्म’ या जहाजावर केला. दोन वर्षांनी पत्रा काढून पाहता लोखंडी खिळे झिजून गेलेले आढळले. मात्र दोन धातूंमध्ये वेष्टनाचा कागद चुकून राहून गेला होता तेथील खिळे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांस भिडले की विद्युत्‌घट तयार होतो आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो, याचे हे ठळक उदाहरण होय. रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४मध्ये हेच तत्त्व उलट वापरले. तांब्याला जस्त किंवा लोखंड जोडल्यावर तांबे वाचले, पण बुडावर शिंपले बसू लागले. तांबे किंचित विरघळते म्हणूनच जीववाढ होत नाही, हे त्यातून उमगले. आजचे तांबेयुक्त रंग याच तत्त्वावर चालतात.

मासेमारीच्या नौकेला तांब्याचा पत्रा परवडणारा नव्हता. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे व फायबरचे आवरण यांचा पुरस्कार पुढे कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) केला. पंखा (नौका पुढे ढकलणारा प्रोपेलर) व सुकाणू यांजवळ जस्ताची ठोकळी बसवण्याची पद्धत आता सार्वत्रिक आहे. पंख्याऐवजी ठोकळी झिजते आणि अर्धी उरली की बदलतात. लाकडी नौकेवर गरजेपेक्षा जास्त जस्त बसवणे मात्र चूक आहे. तसे केल्यास संरक्षित धातूभोवती अल्कली तयार होते, तेथले लाकूड भुसभुशीत होते आणि खिळा शाबूत असूनही फळी सुटते. ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

ट्रायब्युटिल टिन (कथिलाचे एक संयुग) असलेले रंग तांब्याहून प्रभावी ठरले होते. परंतु त्यांच्या अत्यल्प मात्रेनेही शंखवर्गीय माद्यांत नराची लक्षणे उमटतात, असे दिसून आले. त्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१मध्ये संमत होऊन २००८पासून अंमलात आला.

उधाण, भांग व ओढणी : मुंबईत दिवसाला दोनदा भरती-ओहोटी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे (लहान भरतीचे) पाणी फारसे चढत नाही. नौका उंच किनाऱ्यावर न्यायची तर उधाणाचीच भरती हवी. पण बोंबिलासाठी डोल (प्रवाहात बांधून ठेवलेले पिशवीसारखे जाळे) लावणाऱ्याला ओढ असलेले पाणी त्याच दिवसांत मिळते. त्यामुळे डोलीचा नाखवा हंगामात नौका सहसा उंच ओढत नाही. भांगाच्या सवडीत खाडीच्या उतरत्या काठावर ती कलती टेकवून, पाणी उतरलेल्या चार-पाच तासांत एकेक बाजू खरवडून घेतो.

शाकारणी : पश्चिम किनाऱ्यावर सध्या १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद असते. नौका मेच्या शेवटी वर येते. घरावर गवत वा पेंढा घालणे या अर्थाचे ‘शाकारणे’ हे क्रियापद नौकेलाही लावतात. त्याचे नाते ‘शाखा’ शब्दाशी जोडता येते, परंतु तसे निर्विवाद सिद्ध नाही. पूर्वी नारळीच्या झावळ्या व झाप घालीत, आता ताडपत्री घालतात. ‘ताडपत्री’ हे नाव ताडाच्या पानावरून पडल्यासारखे भासते, पण ते इंग्रजी टार्पॉलिन या शब्दाला मराठीने दिलेले वळण असावे.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि हे गोडे पाणी फळ्यांत मुरू न देणे हाच शाकारणीचा खरा हेतू. कणा ओंडक्यांवर टेकवून नौका जमिनीपासून सुटी ठेवतात, बुडाचे बूच काढतात आणि नाळ (पुढची बाजू) व मागची बाजू वाऱ्यासाठी मोकळी सोडतात. प्लास्टिकने चहूबाजूंनी घट्ट बांधलेली नौका आतून घामेजते आणि उघडी ठेवलेल्या नौकेपेक्षाही लवकर कुजते. झावळ्यांना हा दोष नव्हता. उलट शाकारणी होण्यापूर्वी मेच्या उन्हात फार दिवस पडलेल्या नौकेच्या फळ्या आक्रसतात आणि सांध्यांतला कापूस ढिला होतो. म्हणून सांधे भरण्याचे व रंगाचे काम नारळी पौर्णिमेच्या आधीच्या उघडिपीत उरकतात. नौका पाण्यात गेल्यावर पहिला दिवसभर ती थोडी गळते. फळ्या फुगल्या की गळती आपोआप थांबते, आणि तोवर उपसणारा माणूस नौकेवर ठेवावा लागतो.

फायबरच्या नौका : गेल्या काही दशकांत लहान नौका मोठ्या प्रमाणावर फायबरच्या झाल्या आहेत. त्यांना कीड लागत नाही. उन्हाने वरचा थर खडूसारखा भुरभुरतो, आणि पाणी थरात झिरपल्यास फोड येतात. असे फोड खरवडून व पूर्ण वाळवूनच राळ भरावी लागते. जीववाढ त्यांच्यावरही लाकडाइतकीच होते. बाहेरून जोडलेले इंजिन असल्यास फेरीनंतर ते दहा-पंधरा मिनिटे गोड्या पाण्यावर चालवतात, म्हणजे थंडाव्याच्या नळ्यांत मीठ साकळत नाही.