दगडावरचं साल्झबर्ग

शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छपाई (लिथोग्राफी), म्हटलं की आपल्याला मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापलेलं पंचांग आठवतं, पण ही युक्ती मुळात म्युनिकची. आलोइस झेनेफेल्डर नावाच्या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती, तांब्याचे पत्रे काही परवडेनात, मग १७९६ पासून तो बव्हेरियातल्या झोलनहोफन गावच्या चुनखडीच्या फरश्यांवर प्रयोग करत बसला. (याच खाणींत पुढे आर्किओप्टेरिक्स या पिसं असलेल्या आदिम पक्ष्याचा जीवाश्म सापडला, त्याच्या शास्त्रीय नावात 'लिथोग्राफिका' आहे ते म्हणूनच!)

त्याआधी छापायचं म्हणजे कोरणं आलंच. लाकडी ठशात नको तो भाग खोदून काढायचा आणि उरलेल्या उंचवट्याला शाई लावायची, तांब्यात बरोबर उलटं, रेघ खोदायची आणि शाई त्या खाचेत भरायची. दगडावर मात्र खोदकामच नाही. तेलकट खडूने सरळ चित्र काढा, वरून डिंक आणि किंचित ॲसिड फिरवा, दगड ओला करा आणि शाईचा रोलर फिरवा, ओल्या जागी शाई धरतच नाही आणि तेलकट रेघेवर बरोब्बर चिकटते. बस, तेल आणि पाण्याचं वैर, दुसरं काही नाही.

आता गंमत बघा, एवढं मोकळं माध्यम हातात आलं आणि लोकांनी आधी केलं काय, तर जुन्याची नक्कल. १८०८ मध्ये म्युनिकलाच श्ट्रिक्सनर नावाच्या कलाकाराने जुना जर्मन चित्रकार ड्यूररची तीनशे वर्षं जुनी पेनची रेखाटनं दगडावर उतरवली. नंतर चित्रकार फर्डिनांड ऑलिव्हिएने १८२३ मध्ये ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग आणि शेजारचं बेर्खटेसगाडेन या भागातली सात दृश्यं छापली, आठवड्याच्या एकेका वाराला एक. शनिवारी सेंट पीटरची स्मशानभूमी! यात काळ्या रेघांच्या दगडाशिवाय फिक्या रंगाचा आणखी एक दगड वापरलाय. ही आयडिया थेट सोळाव्या शतकातली, तेव्हा जर्मनीत बुर्गक्मायर वगैरे चित्रकार मंडळी लाकडाचे दोन-दोन ठसे वापरून अशीच छाया-प्रकाशाची चित्रं छापायची, एक ठसा रेघांचा आणि एक रंगाचा.

मला तरी ही नक्कल कमीपणाची वाटत नाही. ऑलिव्हिएच्या झाडांची पानं एकेक मोजून काढल्यासारखी, टोकदार, पार तांब्यावर कोरल्यासारखी दिसतात, आणि कागदावर हात फिरवला तर खोदलेली रेघ कुठेच लागत नाही, सगळं सपाट.